दोनदा विकत घेतलेला लॅपटॉप

घारीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर एकदाच वाजायचा. उठली की आधी बोटं. एकेक बोट मागे दाबायची, मनगटं फिरवायची, मग चहाचं आधण ठेवायची. सहाला तिला केबिनमध्ये बसलेलं असावं लागे. केबिन कारखान्याच्या शेडच्या छताजवळ, क्रेनला लटकलेली. तिथे उभ्या लोखंडी शिडीने चढायचं. धाप लागलेली असताना लीव्हरला हात लावायचा नाही हा तिचा नियम, म्हणून ती सगळ्यांच्या आधी चढायची आणि श्वास जागेवर येईपर्यंत वर नुसती बसून राहायची. त्या बसण्याचा पगार मिळत नसे.

घार हे नाव शेडमधल्या लोकांनी ठेवलं. वर बसून तिला सगळं दिसायचं. हेल्मेट काढून डोकं खाजवणारा दिसायचा, मालाखालून चोरवाट काढणाराही दिसायचा. भोंगा वाजवायची. एवढा मोठा भोंगा एका डोकं खाजवणाऱ्यासाठी.

मी खाली असायचो. क्रेनला माल बांधून देणाऱ्याला कारखान्यात खलाशी म्हणतात. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नसतो. साखळ्या लावायच्या, तोल बघायचा आणि वर हाताने खुणा करायच्या. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. हात आडवा धरला की थांब. उचल आणि उतरव फक्त खलाशाने सांगायचं. थांब मात्र कोणीही सांगू शकतो. झाडूवाल्याने हात आडवा केला तरी क्रेन थांबते, आणि का ते नंतर विचारतात.

अजून एक पद्धत होती. माल हातभर उचलायचा आणि तसाच धरायचा. साखळी सरकते का, माल कलतो का, मोटर कुरकुरते का, हे बघायचं आणि मगच पुढे न्यायचं. या हातभर उचलण्याला घार जितका वेळ घ्यायची तितका कोणी घेत नसे. फोरमन खालून ओरडायचा, "वर झोपलीस का गं?" ती ढिम्म. एकदा तिने माल हातभर उचलला, परत ठेवला आणि खाली उतरून म्हणाली, "घरघर येतेय." आम्हाला कोणाला ऐकू आली नव्हती. क्रेनची मोटर उघडली तर आत बेअरिंगचा भुगा. त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या कानावर भरवसा बसला तो बसलाच. बाकी कशावर फारसा नव्हता. भाजीवाल्याच्या तराजूवर नव्हता, बसच्या वेळेवर नव्हता, नवऱ्याच्या "येतोच पाच मिनिटांत"वर तर नाहीच.

मी निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी कारखान्यात नोटीस लागली. केबिन काढणार. क्रेनवर कॅमेरे बसणार आणि चालवणारा खाली एका खोलीत पडद्यासमोर दोन दांड्या धरून बसणार. क्रेन चालवणारे चार, खुर्च्या दोन. परीक्षा घेणार, तीही खऱ्या क्रेनवर नाही, संगणकातल्या क्रेनवर. उरलेल्या दोघांना पॅकिंगला पाठवणार. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभ्याने पट्ट्या आवळायच्या. घारीचे गुडघे शिडीने आधीच खाल्ले होते. पॅकिंगला ती वर्षभरही टिकली नसती. ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

नोटीस लागली त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. बसली नाही.

"मुद्दाम करतायत, दादा."

"कशावरून?"

"नवी पोरं मोबाइल हातात घेऊन वाढली. त्यांना जमणारच. आम्हाला काढतोय असं म्हणायचं नाही आणि काढायचं."

"सराव देणार असतील की."

"अर्धा तास. अर्ध्या तासात शिडीसुद्धा शिकता येत नाही."

तिची पोरगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. जिभेला धार आईची, बोलणं बापाचं. तिनेच मार्ग काढला. म्हणाली, क्रेनचे गेम असतात, अगदी खरे. माल झोका घेतो, वारा लागतो, दोरी ताणली की आवाज येतो.

"खेळातली क्रेन?" घार म्हणाली.

"तुमची परीक्षा तरी खऱ्यातली कुठे आहे?"

हे घारीला पटलं. पण पोरीच्या चेहऱ्यावर एक आनंद होता, तो तिने टिपला. "तुला खेळायला पाहिजे म्हणून मला पुढे करतेस का?"

"मला शाळेसाठी पाहिजे. बाबांना बोर्डांसाठी पाहिजे. खेळायला तुला पाहिजे. घरात खेळणारी तू एकटीच आहेस, आई."

नवरा खो खो हसला. तो दुकानांचे बोर्ड करायचा. आधी ब्रशने रंगवायचा, मग ब्रश कोणी मागेना, तेव्हा छपाईवाल्याच्या संगणकावर बसून अक्षरं जुळवायला शिकला. छपाईवाला त्याला मोकळ्या वेळेतच बसू द्यायचा, म्हणजे जवळजवळ कधीच नाही. घरात एक यंत्र आलं तर त्याचंही काम सुटणार होतं. म्हणून घारीला त्याच्यावरही संशय आला. घरातली तीन माणसं एकाच गोष्टीवर राजी आहेत, असं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

रविवारच्या पाळ्यांचे पैसे ती वेगळे ठेवायची. सुट्टीच्या दिवशी, अंग आंबलेलं असताना, रिकाम्या शेडमध्ये वर बसून कमावलेले पैसे. त्यात हात घालायचा म्हणजे विचार करायला हवा होता. तिने आठवडाभर केला. मग म्हणाली, "दादा, तुम्ही चला सोबत. तुम्ही थांब म्हणालात तर मी घेणार नाही."

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. आत गार हवा आणि इतका उजेड की कुठल्याच वस्तूला सावली नाही. असल्या उजेडात खोट दिसत नाही, असं मला वाटलं. टाय लावलेला तरुण पुढे आला. त्याने मला पाहिलं, पोरीला पाहिलं आणि विचारलं, "गेमिंगसाठी का? घरी भाऊ आहे?"

"माझ्यासाठी," घार म्हणाली.

टायवाला हसला. कोणी हसलं नाही तेव्हा थांबला.

पोरगी सगळं वाचून आली होती. तिने भराभर सांगितलं. ग्राफिक्सचं कार्ड वेगळं हवं, नाहीतर गेम चालणार नाही. रॅम नंतर वाढवता यावी. पडदा असा हवा की बाबांचा लाल रंग लालच दिसेल. आणि फार महाग नको. टायवाला म्हणाला, हे सगळं एकात बसवायचं तर कुठेतरी सोडावं लागेल. कार्ड चांगलं घेतलं तर पडदा फिका आणि वजन जास्त. पडदा चांगला घेतला तर कार्ड नाही. मला त्याचं हे बोलणं पटलं. म्हणूनच मी सावध झालो. दुकानदार पटेल असं बोलू लागला की त्याला काहीतरी खपवायचं असतं.

त्याने एक काळा लॅपटॉप पुढे केला. जाड, कोपऱ्यांवर लाल रेघा. चार्जर विटेएवढा.

"याच्यात आधी काय मोडतं?" घारीने विचारलं.

"मोडत काहीच नाही, मॅडम."

"काहीच नाही असं काहीच नसतं. बॅटरी?"

"दिवसभर."

"दिवसभर म्हणजे किती? माझा दिवस साडेचारला सुरू होतो."

तो परत हसला. तिने लॅपटॉप उचलून उलटा केला, झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. बिजागरी कुरकुरते का ऐकलं. मग म्हणाली, "चालवून दाखवा." त्याने समुद्रातल्या माशांचा एक व्हिडिओ लावला. मासे पोहत राहिले. यंत्र गप्प. ती बराच वेळ कान लावून बसली. गेम दुकानात नव्हता, म्हणजे भार टाकून बघणं जमलं नाही. हातभर उचलता आला नाही म्हणा ना. तिने माझ्याकडे पाहिलं. मला हात आडवा करायला कारण सापडलं नाही. तिने पैसे दिले.

घरी पोरीने गेम उतरवून घेतला. मैत्रिणीकडून दोन दांड्यांचं एक रिमोट आणलं. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून घार जेवली, हात धुतले, पुसले आणि स्टुलावर बसली. पडद्यावर गोदी उघडली. दोरी, हुक, खाली डबे. तिने उजवी दांडी हलवली आणि हुक सरकला. तिचे खांदे जरा खाली आले. बरोबर केबिनमध्ये बसल्यासारखे.

मग तिने डबा उचलला. हातभर. धरला. आणि यंत्राच्या पोटातून आवाज सुरू झाला. आधी हळू, मग चढत गेला. घरघर, मग घोंघावणं. टेबल थरथरलं. मी बाजूला हात लावला तर चटका.

घारीने दोन्ही दांड्या सोडल्या. नवऱ्याने बोर्डाच्या चिठ्ठ्यांवरून मान वर केली. "विमान उडतंय का?"

"अगं आई, पंखा आहे तो," पोरगी म्हणाली. "भार आला की गरम होतं, गरम झालं की जोरात फिरतो. सगळ्यांचे फिरतात."

"सगळ्यांचे फिरतात असं कोणी सांगितलं?"

"वाचलंय मी."

"लिहिणारा विकणाराच असेल." तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुमचं काय?"

आम्ही दोघांनी आयुष्य त्याच एका आवाजाला भिऊन काढलेलं. माल वर असताना मोटरचा सूर चढला तर काय होतं, ते आम्हाला वाचावं लागलं नव्हतं. मी हात आडवा केला. तिने त्याच क्षणी झाकण मिटलं. पोरगी ओरडली, "असं बंद नसतं करायचं!" पण थांब म्हटल्यावर थांबायचं असतं.

बदलून द्यायची मुदत आठवडाभराची होती. दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो. टायवाल्याने ऐकून घेतलं आणि पोरगी म्हणाली होती तेच जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. म्हणून घारीचा संशय दुप्पट झाला.

"दोघांनी मिळून ठरवलंय का तुम्ही?" तिने पोरीला विचारलं.

"मॅडम, गेमिंग लॅपटॉप आवाज करणारच. न करणारा हवा असेल तर हा घ्या." त्याने चंदेरी, पातळ असा एक काढला. "किंमत तीच. पण यात वेगळं कार्ड नाही. तुमचा गेम अडखळेल. मी आधीच सांगतोय."

"आधी सांगतोय म्हणजे हा विकण्यात त्याला फायदा नाही," घार मला हळूच म्हणाली. "म्हणजे आपला आहे."

हा हिशोब मलाही त्या वेळी चोख वाटला.

चंदेरी घरात आला आणि घर खूश झालं. नवऱ्याचा लाल लाल दिसू लागला. त्याने एका सलूनचा बोर्ड घरच्या घरी केला आणि छपाईवाल्याला नुसती फाइल नेऊन दिली. छपाईवाल्याचं तोंड पडलं, ते नवरा रोज नवीन करून सांगायचा. पोरीच्या दप्तरात लॅपटॉप वहीसारखा बसायचा, शाळेतून परत येईपर्यंत बॅटरी टिकायची. आवाज तर शून्य. पोरगी मात्र दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "शाळेला झकास आहे. बाबांना झकास आहे. तू आता खेळून बघ."

खेळ चालला, पण धक्के खात. घारीने दांडी उजवीकडे केली की हुक तिथेच राहायचा, मग एकदम पुढे उडी मारायचा. मधला प्रवास दिसायचाच नाही. डबा झोका घेतोय की नाही, हे झोका संपल्यावर कळायचं. ती खाली मान घालून रोज बसली. मी रोज जायचो. बाजूला उभा राहून हाताने खुणा करायचो, जुन्या सवयीने. नवरा म्हणायचा, "दादा, वाऱ्याला हाकलताय का?" खेळातल्या मालाला खलाशी लागत नाही, पण तिला लागायचा.

हळूहळू तिला जमू लागलं. दांडी आधी सोडायची, थांबायचं, उडी येऊ द्यायची, मग उलटी द्यायची. डबे जागेवर बसू लागले. मला बरं वाटलं. पण ती जिंकत होती आणि कपाळावरच्या आठ्या जात नव्हत्या. "हे काहीतरी वेगळंच शिकतेय मी," ती एकदा म्हणाली. काय ते तिला सांगता आलं नाही.

ते कळलं शेडमध्ये. पत्र्याचं भेंडोळं उचलून ती नेहमीच्या वाटेने नेत होती. वळणावर लीव्हर सोडायचा तिथे तिने आधीच सोडला, उडी यायची वाट बघितली, आणि खऱ्या क्रेनला उडी येत नाही. माल लोंबकळला. तिने उलटा लीव्हर दिला तोही उशिरा. भेंडोळं मोठा झोका घेऊन खांबाच्या अगदी जवळून गेलं. माझ्या जागी आलेल्या खलाशाने दोन्ही हात आडवे केले. ती थांबली. झोका मात्र आपल्या वेळेने थांबला. शेडमधली सगळी माणसं काम सोडून वर बघत होती. आता घारीकडे लोक बघत होते.

फोरमन म्हणाला, "परीक्षा जवळ आली म्हणून हात कापतायत का?" दुसऱ्या क्रेनवरचा पैलवान, गडी चांगला होता, पण तोही हसला. खुर्च्या दोनच होत्या.

हे मला तिने सांगितलं आणि नव्या खलाशानेही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की तिने खांब जास्त जवळ असल्याचं सांगितलं.

त्या दुपारी ती स्टुलावर बसलीच नाही. लॅपटॉपसमोर उभी राहिली. आत नवऱ्याचा अर्धा झालेला बोर्ड उघडा होता.

"हा माझा हात बिघडवतोय," ती म्हणाली. "खोट त्याच्यात आहे आणि शिकतोय माझा हात. रोज शिकवत बसले मी त्याला."

"परीक्षेच्या यंत्रातही असेच धक्के असतील तर?" नवरा म्हणाला. त्याचा जीव त्या पडद्यात अडकला होता, ते त्याने लपवलंही नाही. "तो काळा परत आणलास तर माझा लाल परत विटका होणार. आणि ते विमान."

"माझा अर्धा तास परवा झाला. तिथे धक्के नाहीत. लोण्यासारखं सरकतं."

"मग ते लोणी आणखी अर्धा तास खाऊ द्या म्हणावं त्यांना." तो रागावला नव्हता. रडकुंडीला आल्यासारखा बोलत होता. "चार बोर्ड तरी होऊ दे गं."

पोरगी दारात उभी होती. पाठीवर दप्तर तसंच. "बाबा, आई पॅकिंगला गेली तर तुमचे चार बोर्ड किती दिवस पुरतील?"

 नवऱ्याने फाइल बंद केली, वायर काढली आणि गुंडाळून घारीच्या हातात दिली. नीट गुंडाळली, ब्रश गुंडाळायचा तशी.

तिसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा मुदत कधीच टळली होती. टायवाला आम्हाला पाहून काउंटरमागे जरा सरळ झाला. घारीने चंदेरी लॅपटॉप पुढे ठेवला.

"तो आवाजवाला पाहिजे."

"नवा माल संपला. पुढचा कधी येईल ते सांगता येणार नाही. एक पीस आहे, पण परत आलेला आहे. उघडलेला खोका."

घारीच्या भुवया वर गेल्या. "परत का आला? काय खोट निघाली? कोणी आणला?"

टायवाल्याने मान खाली घातली, मग वर केली. "तुम्हीच आणला होता, ताई."

पोरगी तोंडावर हात धरून मागे वळली. मला छताकडे बघावं लागलं. घार मात्र हसली नाही. तिने खोका ओढला, लॅपटॉप बाहेर काढला, उलटा केला, सगळीकडून तपासला. आपण परत केल्यानंतर याने आत काही बदललं असेल, हे तिच्या डोक्यात आलं होतं. तेवढ्यात पोरीने घरून आणलेला एक जड प्रोग्रॅम त्याच्यावर लावला. पंखा चढला, घोंघावला. घार कान लावून उभी राहिली. आवाज चढला आणि एका जागी जाऊन थांबला. पुढे वाढला नाही, फाटला नाही. ती बराच वेळ ऐकत राहिली. गेल्या वेळी इतका वेळ आम्ही ऐकलंच नव्हतं. हातभर उचलला, आणि धरून ठेवायच्या आधीच मी हात आडवा केला होता.

"एकसारखा आहे," ती शेवटी म्हणाली. "चढतोय, पण एकसारखा आहे."

"पंखा आहे तो," टायवाला म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर अजून दोन शब्द जास्त बोललो असतो.

"पण बॅटरी दिवसभर नाही," घार म्हणाली. "ते खोटं बोललात."

"ते बोललो," तो म्हणाला.

चंदेरीचे त्याने कापून पैसे धरले. वापरलेला होता, कापणारच. वरचे तिला भरावे लागले, आणि त्यासाठी कारखान्यातून उचल घेऊन पुढच्या सगळ्या रविवारच्या पाळ्या लिहून द्याव्या लागल्या. अशा रीतीने एकच यंत्र तिने दोनदा विकत घेतलं. टायवाल्याने रॅमची एक पट्टी मात्र पदरची म्हणून आत बसवून दिली. का दिली याचा घार अजून शोध घेतेय.

मग खरा सराव सुरू झाला. बिघडलेला हात सरळ करायला चांगला हात बनवण्याहून जास्त वेळ लागतो. हे मी माझ्या अनुभवाने सांगतो. ती रोज पाळीनंतर बसायची. पहिले काही दिवस दांडी सोडून थांबायची, उडीची वाट बघत, आणि डबा डोळ्यांसमोर झोका घेत निघून जायचा. स्वतःच्या मनगटावर चापट मारायची. मी खुणा करायचो. पंखा घोंघावायचा. नवरा कानात बोळे घालून आतल्या खोलीत कागदावर अक्षरं काढायचा, आणि पोरगी अभ्यासाला वाचनालयात जायची, कारण त्या आवाजात अभ्यास होत नसे. त्या लॅपटॉपची वीट तर दप्तरातही मावत नसे. एका खेळासाठी सगळं घर दबून बसलं होतं.

एका दुपारी मी उतरवची खूण केली आणि डबा झोका न घेता सरळ खाली गेला. टेकला. आवाजही नाही. तिने परत उचलला, परत ठेवला. मी खूण करायच्या आधीच तिचा हात थांबत होता. तेव्हा मी हात खाली घेतले आणि खुर्चीवर बसलो.

परीक्षा झाली. चौघांना एकेक करून खोलीत बोलावलं. तीन माल उचलायचे होते, शेवटचा वाऱ्यात. घार हळू गेली. सगळ्यात हळू तीच. तिचा नंबर दुसरा आला. पहिला आला तो नुकता लागलेला एक तरुण, म्हणजे तिचा तो संशय निम्मा खरा होता. पैलवान पॅकिंगला गेला. त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. शेडमध्ये बोललं गेलं की घारीला परीक्षेत काय येणार ते आधीच कळलं होतं, कोणीतरी आतून सांगितलं, नाहीतर या वयात कसं जमेल. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला तिच्यावर आता सगळी शेड संशय घेऊ लागली. तिने कोणाला काही सांगितलं नाही. लॅपटॉपचं तर नाहीच. "सांगितलं तर म्हणतील, खेळत होती," ती म्हणाली.

आता ती खाली खोलीत बसते. शिडी नाही. गुडघे बरे आहेत. पडद्यात खलाशी दिसतो, पण बारीक दिसतो, आणि त्याच्या खुणेत काही घाई आहे का ते पडद्यात कळत नाही, अशी तिची तक्रार आहे. कॅमेऱ्यावर तिचा विश्वास नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी ती बाहेर शेडमध्ये जाऊन माल डोळ्यांनी बघून येते.

लॅपटॉप सुटला म्हणून घर सुखावलं. नवरा विटक्या पडद्यावर बोर्ड करतो आणि रंगाची खात्री करायला छपाईवाल्याकडे जातो. पोरीने वीट न्यायला पाठीवरची वेगळी पिशवी शिवून घेतली. पण दुपारी पाळी सुटल्यापासून चहापर्यंतचा वेळ अजून घारीचाच आहे.

परवा गेलो तर ती स्टुलावर, हातात दांड्या, पंखा घोंघावतोय. पडद्यावर क्रेन नव्हती. एक लांब रिकामा रस्ता होता आणि ती बस चालवत होती. बस वेडीवाकडी जात होती. तिने सिग्नल तोडला, एका कारला घासलं, दुभाजकावर चढली आणि तशीच पुढे निघाली.

"हे कशाची तयारी?" मी विचारलं. मला वाटलं, नवीन नोटीस लागली.

"कशाची नाही."

"मग?"

"बस आहे, दादा. चालवतेय."

आतून नवरा ओरडला, "प्रवासी मेले सगळे! उतर आता, माझा बोर्ड राहिलाय!"

"बसमध्ये कोणी नाही," ती म्हणाली आणि बस नदीत घातली. पाण्यातून बुडबुडे आले. ती हसली. इतक्या वर्षांत, खाली उभं राहून वर बघताना, मी तिला कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. तिने एक बटण दाबलं. बस परत रस्त्यावर आली, धडधाकट, आणि तिने ती पुन्हा निघेल तशी सोडली.

रविवारच्या त्या सगळ्या पाळ्यांनी शेवटी तिला हे घेऊन दिलं. त्या दिवशी चहा नवऱ्याने केला.